खळ न लावता

लोणावळ्यात टेकडीखालचं वाचनालय कुठं आहे म्हणून विचारलंत, तर रिक्षावाला उलट विचारतो, "चिक्कीच्या दुकानावरचं का?" खालचं दुकान उद्या उठलं तर वरच्या नऊ हजार पुस्तकांचा पत्ताच गावाला राहायचा नाही.

या वाचनालयात इकबाल तांबोळी सव्वीस वर्षं शिपाई आहे. सकाळी दार उघडायचं, वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना अडकवायची, कार्यवाह आले की चहा सांगायचा, आणि उरलेल्या वेळात फाटकी पुस्तकं शिवायची. हे शेवटचं काम त्याच्या कामांच्या यादीत नाही. पण त्याचा बाप आंबी गावात कीर्तनाच्या पोथ्यांपासून सोसायटीच्या वह्यांपर्यंत सगळं शिवून द्यायचा, तो हात इकबालकडे आला. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद पडलं की वाळवी फिरकत नाही. दाभणानं भोकं पाडायची, दोरा ओढायचा, खळ लावायची आणि वर दगडी पाटा ठेवायचा.

खळ वाळायला वेळ लागतो. त्या वेळात इकबाल वाचायचा. तेही सोळा सोळा पानांचा एकेक सुटा फर्मा हाताला येईल तसा. त्यामुळे कित्येक कादंबऱ्यांत त्याला नायिका आधी म्हातारी भेटली आणि मग तिचं लग्न ठरलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. नववीत शाळा सुटली होती, पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचायचं असतं असा त्याचा आग्रह नव्हता.

वाचनालयाच्या मागच्या अंगाला बालविभाग आहे. बुटक्या खुर्च्या, बुटकी कपाटं, भिंतीवर रंग उडालेला हत्ती. तिथल्या बाई निवृत्त झाल्यापासून चार वर्षं त्याला कुलूप. किल्ली कार्यवाहांच्या खणात. इकबालला आयुष्यात फार गोष्टी हव्या होत्या असं नाही, पण ही किल्ली हवी होती. रविवारी सकाळी दोन तास खोली उघडायची आणि पोरांना गोष्टी वाचून दाखवायच्या, एवढंच. त्यानं तीनदा अर्ज केला होता.

कार्यवाह सुहासराव म्हणजे निवृत्त मोठे बाबू. वाक्य बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय. तिसऱ्या वेळी चष्मा पुसून ते म्हणाले, "इकबाल, तू शिपाई. पोरांना काय शिकवणार, झाडू मारायला?"

समितीतले दोघं हसले. इकबालही हसला. शिपायाला साहेबांच्या विनोदावर हसावं लागतं, हेसुद्धा त्याच्या कामांच्या यादीत नाही.

मग जानेवारीअखेर वरून पत्रक आलं. फेब्रुवारी हा 'विविध वाचनाचा महिना'. प्रत्येक वाचकानं महिनाभरात नाना तऱ्हेची पुस्तकं वाचायची, मोठ्यांची वाचायची आणि लहानांचीही वाचायची, आणि कार्डावर स्वतःचे अभिप्राय लिहायचे. किमान पस्तीस कार्डं पाहिजेत. पुण्याहून परीक्षक येणार. जो उत्तम वाचक ठरेल तो 'वाचनमित्र', आणि बालविभाग त्याच्या हाती द्यायचा. कार्डं कमी भरली तर वाचनालयाचा दर्जा खाली. आधीच 'ड' वर्ग. 'ड'च्या खाली फक्त कुलूप असतं.

वाचनाला महिना द्यायचा तर त्यातही सगळ्यात आखूड निवडलेला. पण त्याचीही गरज नव्हती, कारण पहिल्या चार दिवसांत वाचनालयात दोनच माणसं फिरकली. एक निधनवार्ता बघायला आणि दुसरा पंख्याखाली बसायला.

पाचव्या दिवशी सुहासरावांनी इकबालसमोर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवला. वर सभासदांची यादी.

"भरून टाक."

"काय भरू?"

"अभिप्राय. पुस्तक छान आहे, बोधप्रद आहे, असं. अक्षर मात्र बदलत जा. पेन चार-पाच घे."

इकबालनं यादी पाहिली. "साहेब, यात धोंडिबा आबा आहेत. ते दिवाळीत वारले."

"मग वर जाऊन विचारणार आहे का कोणी?" सुहासरावांनी चष्मा पुसला. "उलट आता त्यांना वाचायला सवड असेल."

इकबालनं गठ्ठा उचलला. दाराशी जाऊन परत फिरला. "एक कार्ड माझ्या नावाचं घालू का?"

"तुझ्या?"

"मी वाचतो, साहेब."

"घाल की," सुहासराव उदारपणे म्हणाले. "एवढ्यांत एक खपून जाईल."

इकबालच्या डोक्यात एक खूळ होतं. कार्ड खोटं लिहायचं तर निदान पुस्तक तरी खरं वाचलेलं असावं. पस्तीस लोकांच्या नावानं त्यानं एकट्यानं वाचायला घेतलं. दिवसा काउंटरवर, संध्याकाळी घरी. मधमाश्यांवरचं पुस्तक, गडांच्या वाटांचं पुस्तक, एका परित्यक्तेची चारशे पानांची कादंबरी, लोणच्याच्या कृती, सापांची माहिती, आकाशातल्या ताऱ्यांवरचं जाडजूड बाड. आणि बालविभागातून सुहासरावांनी काढून दिलेली पिशवीभर पुस्तकं. पतंगाची, गाढवाची, दात पडलेल्या मुलीची.

त्याची बायको परवीन चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला. ती घरी यायची तेव्हा नवरा गाढवाच्या पुस्तकात डोकं घालून बसलेला.

"आवो, ह्या वयात गाढव वाचताय व्हय? आरशात बगायचं की, फुकट दिसलं असतं."

"हे गौरवशेठच्या नावानं वाचतोय."

"मग बरोबर हाय."

गौरव हा वीकेंड बंगल्यांचे प्लॉट विकणारा तरुण शेठ. वाचनालयाचा आजीव सभासद, कारण आजीव सभासदांच्या पाटीवर नाव रंगवतात. आजवर एकदाच आत आला होता, नाव बरोबर रंगवलंय का बघायला.

इकबाल एकेक माणूस डोळ्यासमोर आणायचा आणि त्याला शोभेल असं लिहायचा. लोणच्याचं पुस्तक डॉक्टरीणबाईंना दिलं, "मीठ कमी सांगितले आहे, आनंद झाला." ताऱ्यांचं बाड मेलेल्या धोंडिबा आबांना दिलं आणि लिहिलं, "म्हातारपणी वाचले म्हणून पटले. तरुणपणी वर बघायला वेळ नव्हता."

परवीननं ते त्याच्याकडून वाचून घेतलं. मग म्हणाली, "आबा जित्तेपणी एवढं शहाणं कदी बोललं न्हाईत. मेल्यावर सुदारलं."

एका रात्री हातात आलं कासवाचं पुस्तक. सोळाच पानं, म्हणजे एकच फर्मा. एक कासव आपली पाठ हरवून बसतं, वाटेत भेटेल त्याला विचारत फिरतं, आणि शेवटी कळतं की पाठ पाठीवरच आहे. इकबालनं ते तीनदा वाचलं. हे त्यानं गौरवशेठच्या कार्डावर टाकायचं ठरवलं, कारण तिथं बालपुस्तकाचा एक रकाना मोकळा होता. काय लिहावं? समोर खळीचं भांडं. त्यानं लिहिलं, "ही गोष्ट खळ न लावता चिकटते."

परवीनला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि स्वतःच खूश झाला. पण रात्र झाली होती आणि अजून तेरा माणसं वाचायची बाकी होती.

स्वतःचं कार्ड त्यानं अगदी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं. अठ्ठावीस तारखेला दुपारी, काउंटरवर, चांगल्या पेनानं, आपल्या खऱ्या अक्षरात. गेल्या महिन्याभरात वाचलेली एकसष्ट पुस्तकं त्यानं ओळीनं मांडली. लहानांच्या रकान्यात सगळ्यांत वर कासव. त्याच्यापुढे वाक्य आपोआप उतरलं. एवढं सहज, एवढं आपलं, की हे आपण आधीही लिहिलंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पस्तीस माणसांच्या तोंडून बोलून झाल्यावर कुठलं वाक्य कुणाला दिलं होतं, एवढी आठवण राहिली नव्हती.

परीक्षक म्हणून आल्या मानसी मॅडम. पुण्याच्या कॉलेजात शिकवतात. टेबलावर कार्डं पसरून त्या एकेक वाचत होत्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत होता. इकबाल चहा देत होता. प्रत्येक कार्ड उचललं गेलं की तो मनात म्हणायचा, हे माझं.

"सुहासराव, मला अपेक्षा नव्हती. लहान गावात इतका चोखंदळ वाचक?"

"परंपरा आहे आमची," सुहासराव म्हणाले.

"आणि हे ऐका. 'ही गोष्ट खळ न लावता चिकटते.' काय वाक्य आहे! कोण हे गौरव?"

"आमचे तरुण उद्योजक. वाचनाचं वेड."

इकबालच्या हातातला कप बशीवर वाजला. त्याला वाटलं, आता आपलं कार्ड येईल, तेव्हा मॅडम आणखी खूश होतील. आणि मग त्याला आठवलं, ते वाक्य आपण लिहिलंय. दोन्हीकडे.

मॅडमनी आणखी एक कार्ड उचललं. वाचता वाचता भुवया जवळ आल्या. गौरवचं कार्ड परत काढलं, शेजारी ठेवलं.

"हे इकबाल तांबोळी कोण?"

"शिपाई आमचा. हा काय, चहा देतोय."

मॅडमनी मान वर केली. कपाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग चेहऱ्याकडे. "तुम्ही एका महिन्यात एकसष्ट पुस्तकं वाचलीत?"

"हो, मॅडम."

"आणि हे वाक्य?"

इकबालनं कप टेबलावर ठेवला.

"गौरव यांचं वाक्य शब्दन् शब्द उचललंय. कार्डं तुमच्याच ताब्यात होती ना?" मॅडम चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजुतीनं बोलत होत्या. "वाचायची हौस असणं चांगलं आहे. पण दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवायचं नाही."

सुहासराव चष्मा पुसू लागले. पुसता पुसता त्यांनी इकबालकडे असं पाहिलं की काचा पुसल्या गेल्या नाहीत तरी नजर साफ कळली. इकबालच्या मनात आलं, खळ कोण शिजवतं ते विचारा, मॅडम. गौरवशेठला विचारा, मोरचूद कशाला घालतात. एवढं बोललं की झालं. पण एवढं बोललं की पस्तीस कार्डं उघडी पडणार, दर्जा जाणार, कुलूप लागणार. आणि बालविभागाचं कुलूप तर कायमचं.

"बोल की इकबाल," सुहासराव म्हणाले. "नक्कल केलीस ना?"

इकबाल गावाकडची बोली शहरात वापरत नसे. त्या दिवशी तोंडातून तीच आली.

"व्हय. केली."

"बाद करा हे," मॅडम म्हणाल्या आणि पुढचं कार्ड उचललं.

वाचनालयात 'बाद'चा शिक्का असतो. जीर्ण पुस्तकं रद्दीत काढताना पहिल्या पानावर मारतात. तो शिक्का मारणं हे मात्र इकबालच्या कामांच्या यादीत आहे. त्यानं कपाटातून शिक्का काढला, पॅडवर दाबला, आणि आपल्या कार्डावर मारला. सव्वीस वर्षांची सवय, शिक्का अगदी सरळ उमटला.

समारंभ पुढच्या शनिवारी. खालच्या दुकानानं चिक्कीचे पुडे दिले होते, म्हणून गर्दी बरी जमली. परवीन पाठीमागच्या रांगेत बसली होती. तिला काही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव पुकारतील म्हणून ती हिरवी साडी नेसून आली होती.

उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर झालं धोंडिबा आबांना.

सभेत कुजबुज झाली. ज्या माणसाच्या मयताला निम्मं गाव गेलं होतं त्याला उत्तेजन कशाचं द्यायचं? पण सुहासराव काय कच्चे आहेत? माईकवर आले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "मरणोत्तर."

टाळ्या पडल्या. मरणोत्तर उत्तेजनार्थ हा प्रकार लोणावळ्यात पहिल्यांदाच झाला. आबांच्या पत्नी रतनबाई काठी टेकत वर आल्या. मॅडमनी ताऱ्यांवरचा अभिप्राय वाचून दाखवला, "तरुणपणी वर बघायला वेळ नव्हता." रतनबाईंनी पदर डोळ्याला लावला. माईक तोंडाशी धरल्यावर म्हणाल्या, "आमचं माणूस दिवाळीत गेलं. त्यांनी जलमात पुस्तक हातात धरलं न्हाई. आता तितं वर बसून वाचत असतील तर मला ठावं न्हाई."

खरं एवढंच बोललं गेलं त्या दिवशी, आणि लोकांनी ते दुःखाच्या भरातलं समजून पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मग वाचनमित्र. गौरवशेठ पांढऱ्या बुटांत वर आले. शाल, नारळ, आणि लाल फितीत बांधलेली बालविभागाची किल्ली. मॅडम म्हणाल्या, "त्या सुंदर वाक्याबद्दल दोन शब्द बोला."

गौरवनं कार्ड पाहिलं. ते आपण लिहिल्याचं त्याला सकाळीच फोनवर कळलं होतं. "खळ म्हणजे," तो म्हणाला, "आपली खळखळ. पाण्याची असते ती. काही लोक खळखळ फार करतात. ही गोष्ट खळखळ न करता, शांतपणे चिकटते. प्लॉटमध्येही तसंच असतं. चांगल्या प्लॉटला खळखळ लागत नाही."

"वा!" मॅडम म्हणाल्या. "म्हणजे श्लेष होता!"

पाठीमागे सतरंजी सारखी करत असलेल्या इकबालला हसू आलं. खरंच आलं. ते दाबायला त्यानं तोंड फिरवलं तर समोर परवीन. ती हसत नव्हती. तिच्यासमोरच त्यानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं होतं.

घरी जाताना त्यानं झालं ते सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पस्तीस जणांना दिलं. सोतासाठी एक येगळं ठिवता न्हाई आलं?"



सोमवारी सुहासरावांनी माफीनामा मागितला. "फाइलला लागतो रे. मॅडमना पाठवायचाय." इकबालनं लिहून दिला. चार ओळी. दुसऱ्याचं वाक्य आपलं समजून लिहिलं, वाक्य चांगलं होतं म्हणून मोह झाला, यापुढे जे लिहीन ते कुणाला आवडणार नाही याची काळजी घेईन. आठवड्यानं तो माफीनामा पुण्याहून परत आला. समासात मॅडमच्या बारीक अक्षरात शेरा होता, "भाषा चांगली आहे. कोणाकडून लिहून घेतला?"

सुहासरावांनी तो शेरा समितीत वाचून दाखवला. पुन्हा दोघं हसले. या वेळी इकबालला हसायला थोडा उशीर झाला.

गौरवशेठनं पहिल्या रविवारी येऊन फोटो काढून घेतला. दुसऱ्या रविवारी गाडी खालीच थांबवून हाक मारली, "इकबालभाई, ही किल्ली ठेवा तुमच्याकडे. रविवार म्हणजे माझा क्लायंटचा दिवस. तुम्ही उघडा, झाडा, पोरं येतील ती बसतील. रजिस्टरला माझी सही करून टाका."

इकबालनं किल्ली घेतली. लाल फीत अजून तशीच होती. "मी वाचून दाखवू का पोरांना?"

गौरव अडखळला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त घाई होती. "तेवढं नको. सुहासराव म्हणाले, मॅडमची सक्त सूचना आहे. नक्कल करणाऱ्याला पोरांपुढे बसवायचं नाही. तुम्ही दाराजवळ थांबा. पोरं आपलं आपलं वाचतील."

असा बालविभाग उघडला. चार वर्षं, तीन अर्ज आणि एकसष्ट पुस्तकांनंतर.

नऊ पोरं आली. बुटक्या खुर्च्यांवर बसली. समोर एक मोठी खुर्ची, तिच्या पाठीवर 'वाचनमित्र' अशी पट्टी. रिकामी. इकबाल दाराला टेकून उभा. थोड्या वेळानं शिफा नावाची दुसरीतली पोरगी उठली, कपाटातून नेमकं कासवाचं पुस्तक काढून घेऊन आली आणि त्याच्या पोटाशी धरलं.

"काका, हे वाचून दाखवा ना."

इकबालनं पुस्तकाकडे पाहिलं. शिवण त्याचीच होती. पहिलं वाक्य न उघडताही त्याला येत होतं, शेवटचंही. खाली चिक्कीच्या दुकानातून सुहासरावांचा आवाज येत होता.

"मला नाही वाचता येत," तो म्हणाला.

शिफानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अक्षरंपण नाही?"

"नाही."

"शी! आणि लायब्ररीत काम करता?"

बाकीची आठही पोरं खुदखुदली. मग एकानं गाढवाचा आवाज काढला आणि खोली दणाणली. हत्तीच्या भिंतीपर्यंत हसू गेलं. त्या खोलीत एवढी मजा चार वर्षांत झाली नव्हती. इकबालही हसला, आणि या वेळी अगदी वेळेवर हसला.

बारा वाजता त्यानं पोरांना बाहेर काढलं, खुर्च्या सरळ केल्या, कुलूप लावलं. रजिस्टर उघडून तारीख टाकली. उपस्थित मुले नऊ. वाचनमित्र हजर. आणि खाली गौरवशेठची सही केली. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट, तिच्यावर दोन टिंबं. ती सही आता त्याला स्वतःच्या सहीपेक्षा चांगली जमते.